नोकरी की फ्रीलान्स? थळला विचारा!

हल्ली होस्टेलवर वेब डेव्हलपमेंट शिकणारा जो तो म्हणतो, "नोकरी कशाला? फ्रीलान्स करू, आपणच आपले बॉस!"

आमच्या थळला हे दोन्ही मार्ग शेजारी-शेजारी नांदतात. एकीकडे आरसीएफचा खत कारखाना: ठरलेली शिफ्ट, ठरलेला पगार, पीएफ. दुसरीकडे कोळ्यांच्या होड्या: मासळी मिळाली तर कमाई, नाहीतर डिझेलचा खर्चही अंगावर. २०२५ मध्ये १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद होती. पण ही बंदी दरवर्षी आधी माहीत असते, त्यामुळे कोळी तयारीत असतात. फ्रीलान्सरचे कामाविना महिने मात्र सांगून येत नाहीत!

म्हणून माझं स्पष्ट मत: आधी दोन-तीन वर्षं नोकरी करावी. तिथे सीनियर आपला कोड वाचतात, चुका दाखवतात. एकट्याने केलेली साइट चालली की क्लायंट खूश. आतला गोंधळ कोण बघतो?

मग सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून, लेखी करार आणि अ‍ॅडव्हान्स घेऊन खुशाल फ्रीलान्स करा. कोळ्याचं पोरही आधी जाणत्यांबरोबरच समुद्रात जातं ना!