पोरं कोण मोजणार?

लेकीला घेऊन जर्मनीला निघालोय. पाथर्डीत जो भेटेल तो विचारतो, “तिकडं शाळा कोणती बघितली?” मी निर्धास्त आहे. तिथं सरकारी शाळेला फी नाही आणि मुलाला शाळेत घालणं सक्तीचं आहे.

पण दिवाळीच्या सुमारास याच तालुक्यातून हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. त्यांच्या पोरांची शाळा कोणती, हे कुणी विचारत नाही. मलाही कुणी विचारलं नव्हतं. फडावर माझं काम एकच, धाकटीला सांभाळायचं.

कायदा नाही असं म्हणू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सांगतं : दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही, राज्य बदललं तरी. पण दिवसभर फडात राबणाऱ्या आईबापानं ती शाळा शोधायची कधी?

मुकादम उचल देतो तेव्हाच कोयते मोजले जातात. म्हणजे कोण जाणार, हे कारखान्याला महिनोन्‌महिने आधी ठाऊक असतं. मग त्याच यादीत पोरंही लिहा. टोळी उतरेल त्या दिवशी जवळच्या शाळेच्या हजेरीत त्यांची नावं असलीच पाहिजेत.

माझ्या लेकीला शाळा मिळते, ती माझ्या पगाराची मेहेरबानी असू नये.