दाढेतला दडलेला कॅनाल

दिल्लीच्या पहाडगंजातल्या मराठी कुटुंबांना मौलाना आझाद दंतविज्ञान संस्थेचं सरकारी रुग्णालय जवळचं. तिथे किंवा गल्लीतल्या दवाखान्यात रूट कॅनाल करताना खरी कसोटी लागते ती वरच्या पहिल्या दाढेत. मुळं तीन, पण गालाकडच्या पुढच्या मुळात बहुधा दोन कॅनाल, म्हणजे आतल्या नळ्या, असतात. फ्रँकलिन वाइन यांनी १९६९ मध्ये २०८ दाढा तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक दाढांत हा दुसरा कॅनाल निघाला. साध्या एक्स-रेत तो पहिल्याच्या आड जातो. राहून गेला तर आतले जंतू तसेच राहतात आणि दाढ पुन्हा ठणकू शकते. कोन-बीम सीटी या त्रिमितीय स्कॅनच्या आडव्या छेदात मात्र दोन्ही कॅनालची तोंडं बहुतेक वेळा वेगळी दिसतात.

या स्कॅनवरचा किरणोत्सर्गाचा आक्षेप रास्तच आहे, म्हणून सरसकट प्रत्येकाचं स्कॅन नकोच. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांनीही २०१५ मध्ये, गुंतागुंतीची शंका असलेल्या दातासाठी छोट्या क्षेत्राचं स्कॅन सुचवलं. राहिला खर्च. फसलेली दाढ पुन्हा उघडणं, नाहीतर काढून नवा दात बसवणं, हे रुग्णाला जास्तच महागात पडतं. म्हणून सरकारी दंत रुग्णालयांनी खासगी दंतवैद्याच्या चिठ्ठीवर हे स्कॅन माफक दरात करून द्यावं आणि नावं वगळून प्रतिमा अभ्यासासाठी जपाव्यात.