पत्रिका जुळली, पुढे काय?

मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, असे आपल्याकडे थट्टेने म्हणतात आणि पुष्कळ घरांत खरेही करून दाखवतात. या अंकाची कानडी पाने वाचणाऱ्यांना तर मामा-भाचीचे लग्नही नवे नाही. सयाजीगंजातल्या आमच्या गुजराती वर्गमित्रांना मात्र या दोन्हींचे नवल वाटते. चालीरीतीची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून एक हिशेब तेवढा मांडतो.

आपल्या रक्तातील टी पेशी म्हणजे रोगजंतूंशी लढणारी फौज. जंतू शिरले की ‘इंटरल्यूकिन-२’ हे द्रव्य त्यांना संख्या वाढवण्याचा हुकूम देते. त्यासाठी नवा डीएनए बनवावा लागतो. जुना डीएनए मोडताना प्यूरिन न्यूक्लिओसाइड नावाची द्रव्ये सुटतात. त्यांची विल्हेवाट एडीए आणि पीएनपी ही विकरे लावतात. यांतले एक जरी नसले तरी माल साचतो आणि टी पेशीतील डीएनएचा कारखाना बंद पडतो. शिवाय साचलेल्या अडिनोसिनमुळे हुकूमही पेशीच्या आत नीट पोचत नाही. फौज उभीच राहत नाही. एलॉइज गिब्लेट या संशोधिकेने १९७२ साली एडीएच्या आणि १९७५ साली पीएनपीच्या अभावाचा दुबळ्या प्रतिकारशक्तीशी असलेला संबंध दाखवला. एडीए मुळीच नसलेले मूल उपचाराविना बहुधा वर्ष-दोन वर्षांतच दगावते.

आता हिशेब. दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच मूल आजारी पडते. एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट असतो, म्हणून घरात कोणाला पत्ताही नसतो. मुलगा असा वाहक असेल, तर सख्ख्या मामाची मुलगी वाहक असण्याची शक्यता ८ त १. भाची वाहक असेल, तर सख्ख्या मामाची ४ त १. परक्या घरात ती १०० त १ सुद्धा नसते. दोघेही वाहक निघाले, तर प्रत्येक बाळंतपणात धोका ४ त १.

आजार दुर्मिळ आहे आणि नात्यातल्या बहुतेक जोडप्यांची मुले निरोगी असतात, हे मान्य. पण आपण गोत्र विचारतो, नाडी पाहतो, देण्याघेण्याची यादी करतो. मग दोन्ही घरच्या आजीला एवढेही विचारू नये काय, की वारंवार न्यूमोनिया, जुलाब होऊन कुठले तान्हे मूल गेले होते का? ‘दृष्ट लागली’ असे उत्तर आले, तर सुपारी फोडण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आजार वेळीच कळला, तर अस्थिमज्जारोपणाने असे मूल वाचू शकते. विचारायला खर्च नाही. न विचारण्याची किंमत मात्र तान्ह्या जिवाला मोजावी लागते.