शिकलेली मुलगी घर विसरते का?

मी माधवनगरची. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात मराठी शिकते. "इतकी शिकली की धर्म विसरेल, घर विसरेल, मग स्थळही मिळणार नाही," असे शेजारी अम्मीला सांगतात. मला ते पटत नाही.

डॉ. यू. म. पठाण यांच्याकडे पाहा. त्यांनी संतांच्या आणि महानुभावांच्या ग्रंथांचा आयुष्यभर अभ्यास केला. मराठवाडा विद्यापीठात मराठी शिकवली. १९९० साली पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यासाठी त्यांना नाव किंवा धर्म बदलावा लागला नाही.

माझीही फजरची नमाज होते, मग मी सांगलीला जाऊन कोल्हापूरची बस धरते. दोन्ही जमते. अवघड आहे ते वेगळेच. मोठे व्हायच्या नादात माणसांना वेळ देणे राहून जाते. तो दोष पुस्तकांचा नव्हे, आपला! लग्नाचे म्हणाल तर, शिक्षणाला घाबरणारे स्थळ हुकले तर हुकू दे.

रविवारी मी अर्धाच दिवस अभ्यास करते. दुपारनंतर दादीजवळ बसते. ती दखनीत विचारते, "इस हप्ते क्या पढी?" आणि मी तिला मराठीतला धडा आमच्या बोलीत सांगते.