नाणं दाखवा, घर नको

नाण्यांचं प्रदर्शन भरलं की पहिला नंबर कुणाचा, हा वाद ठरलेलाच! आमच्या शहापूर-मुरबाडकडे काही घरांत शिवराई देव्हाऱ्यात हळदकुंकवात असते, ती कुठल्या नंबरात बसवणार?

अमेरिकेत नाण्यांना दर्जा देणाऱ्या पीसीजीएस, एनजीसी या कंपन्या संग्रहांची जाहीर क्रमवारी लावतात. बरेच जण टोपणनावाने उतरतात. मला हे पटतं. कुणाकडे काय आहे हे गावभर झालं तर चोराला आयताच पत्ता मिळतो, आणि सगळ्याच हौशी मंडळींकडे बँकेचा लॉकर नसतो.

पण झाकायचं ते फक्त नाव-गाव. ‘श्री राजा शिव’, ‘छत्रपति’ ही अक्षरं, वजन, फोटो आणि नाणं कुठे मिळालं, हे उघडच हवं. मुरबाडच्या नाणेघाटाच्या वाटेवर सापडलेलं नाणं आणि दुकानातून घेतलेलं नाणं इतिहासाच्या दृष्टीने एक नव्हे. शिवाय जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवावं लागतं, १८७८ चा कायदाच आहे. तिथे ‘प्रायव्हसी’ची सबब चालत नाही.

तेव्हा परीक्षकहो, जागा न लिहिणाऱ्याचे मार्क खुशाल कापा. नावाच्या रकान्यात नुसतं ‘मावळा’ असलं तरी चालेल.