गणवेषानंतरची परीक्षा

निवडणुकांचे पडघम वाजू लागले म्हणजे निवृत्त सेनाधिकाऱ्यांची नावे उमेदवारांच्या यादीत झळकू लागतात आणि त्यांच्या पदकांचा जयघोष व्यासपीठावरून सुरू होतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात आहे. आमच्या सीमाभागातील कित्येक घरांतून कोणी ना कोणी पलटणीत गेलेला आहे. शिपायाविषयीचा आदर आम्हांस कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. म्हणूनच हा प्रश्न आम्हीच निःसंकोचपणे विचारला पाहिजे : ज्याने देशासाठी शस्त्र धरले, त्यास केवळ तेवढ्यासाठी मत द्यावे काय?

या प्रश्नाचे उत्तर जनरल जगन्नाथराव भोसले यांच्या चरित्रात सापडते. सावंतवाडी संस्थानातील तिरोडे येथे १९०६ साली जन्मलेला हा मराठा तरुण सँडहर्स्टला शिकून ब्रिटिश हिंदी सैन्यात अधिकारी झाला. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले. पुढे ते आझाद हिंद सेनेत गेले, आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये नेताजींनी स्थापिलेल्या आझाद हिंद सरकारात त्यांना स्थान मिळाले. स्वातंत्र्य आले, परंतु ज्यांनी त्यासाठी प्राण पणाला लावले, त्या आझाद हिंद सैनिकांना स्वतंत्र भारताच्या सैन्याने परत घेतले नाही. याहून क्रूर दैवदुर्विलास तो कोणता?

पण सैन्याने मिटलेले दार मतदारांनी उघडले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत रत्नागिरी जिल्ह्याने भोसले यांना काँग्रेसतर्फे लोकसभेत पाठविले. तेथे ते पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीने उद्ध्वस्त केलेल्या निर्वासितांच्या वसाहतींतून पोरकी, सैरभैर मुले हिंडत होती. १९५४ मध्ये दिल्लीच्या कस्तुरबा निकेतनात अशाच मुलांपासून त्यांनी राष्ट्रीय शिस्त योजनेचा आरंभ केला. कवायत होती, व्यायाम होता. पण हेतू लढाईचा नव्हता. ज्या मुलांचे घरदार गेले, त्यांना ताठ मानेने उभे करावयाचे होते. रणांगणावर मिळविलेली विद्या त्यांनी निराधारांच्या अंगणात नेली. त्यांच्या दुसऱ्या कारकीर्दीचे खरे पदक हेच होय.

तथापि मतदार कोणाचाच कायमचा ऋणी नसतो. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर काँग्रेस लोकमताविरुद्ध गेली, तेव्हा राजापूर व रत्नागिरी या दोन्ही जागा तिने गमावल्या. राजापूरने नाथ पै यांना निवडले. पुढे १९९१ मध्ये त्याच राजापूरने मधु दंडवते यांच्यासारख्या मुरब्बी संसदपटूस बाजूस सारून सेनाधिकारी सुधीर सावंत यांना लोकसभेत पाठविले, आणि १९९६ मध्ये सुरेश प्रभू यांना कौल दिला. भारताचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा यांनाही १९७१ साली मुंबईत पराभव पत्करावा लागला. यात सैनिकाचा अपमान नाही. लोकशाहीचा तो नित्यधर्म आहे.

सेवेत असलेल्या सैनिकास राजकारणापासून दूर ठेवणारे निर्बंध घालण्याचा अधिकार आमच्या राज्यघटनेने संसदेस दिला आहे, तो विचारपूर्वकच. छावणीत हुकूम पाळणे हे भूषण. सभागृहात हुकमाला प्रश्न विचारणे हे कर्तव्य. जो निवृत्त अधिकारी पहिला धर्म विसरून दुसरा अंगी बाणवू शकत नाही, तो पक्षश्रेष्ठींचा हुजऱ्या मात्र होईल, जनतेचा प्रतिनिधी होणार नाही. आणि जो टीकाकारालाच देशद्रोही ठरवू पाहील, त्याने गणवेष उतरविलाच नाही असे समजावे.

तेव्हा माजी सैनिक दारी आला तर त्यास मानाने बसवावे, त्याच्या सेवेबद्दल हात जोडावे, आणि मग विचारावे : आमच्या शाळांचे, आमच्या भाषेचे, आमच्या पाण्याचे काय करणार? उत्तर समाधानकारक असेल तर मत अवश्य द्यावे. नमस्कार गतसेवेचा, मत मात्र उद्याच्या कामाचे.