आत्मा हॉरक्रक्सने फाटत नाही

‘काळ्या जादूने व्होल्डेमॉर्टला बिघडवले’ असे हॅरी पॉटरचे वाचक सहज बोलून जातात. अहो, २००५ च्या सहाव्या पुस्तकात स्लगहॉर्न साफ सांगतो: आत्मा फाटतो तो खुनाने. हॉरक्रक्सचा मंत्र नंतर येतो, फाटलेला तुकडा वस्तूत कोंडायला. म्हणजे जादू ही नुसती तिजोरी. मग दोष वहीला, अंगठीला, लॉकेटला कसा देता? (लॉकेट गळ्यात घालून रॉन बिथरतो हे खरे, पण त्यातून बोलतो तो खुन्याचाच तुकडा.) आणि फाटलेले जोडायला मंत्र नाही, फक्त पश्चात्ताप, तोही जीवघेण्या वेदनेचा. शेवटच्या द्वंद्वात हॅरी त्याला तेच सुचवतो. व्होल्डेमॉर्ट करत नाही. तेव्हा त्याचा हात कुठल्या जादूने धरला होता?